मिटलं म्हणजे नक्की काय?

परवा शनिवारी एका मित्राबरोबर रिहे गावी गेलो होतो. घोटवड्याच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. आम्ही आठवडाभर जिथे कीबोर्ड बडवतो ती हिंजवडीसुद्धा मुळशी तालुक्यातच, दोन्हींचं तहसील पौडला. पण फरक बघा!

मित्राला जमीन घ्यायची होती. सातबाऱ्यावर तीन-चार नावांना कंस दिसला. मालक म्हणाले, "कंस झाला म्हणजे त्या नावाचा विषय संपला." फेरफार नोंदवतात, नोटिसा निघतात, कुणाची हरकत आली तर तिची वेगळी सुनावणी होते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग जुन्या नावाला कंस. बाजूला बसलेले आजोबा हसले. म्हणाले, "कागदावर संपला. बांधावर कुठं संपलाय?"

येताना हेच डोक्यात घोळत होतं. आमच्या धंद्यात बग दुरुस्त करणारा त्यावर 'रिझॉल्व्ह्ड' लिहितो, पण 'क्लोज्ड' लिहायचं काम दुसऱ्याचं. "झालं" असं आपलं आपणच म्हणून चालत नाही. मग आपल्याकडे तंटा मिटला हे पूर्वी कोण लिहायचं?

घरी आल्यावर पुस्तकं काढली. मराठेशाहीतल्या न्यायपद्धतीवर वि. त्र्यं. गुणे यांचा इंग्रजी ग्रंथ आहे, डेक्कन कॉलेजने १९५३ साली काढलेला. पद्धत साधारण अशी: वादी तो अग्रवादी, प्रतिवादी तो पश्चिमवादी. दोघे आपापली तकरीर, म्हणजे जबानी, लिहून देत. गोतसभा जो निवाडा करेल तो मान्य, असा राजीनामा आधीच घेत (हो, राजीनामा म्हणजे मुळात राजी असल्याचा कागद!). वर जामीनही द्यावा लागे. मग साक्षी-पुरावे, आणि शेवटी महजर किंवा निवाडपत्र. त्यावर जमलेल्यांच्या निशाण्या. लिहिता न येणारा आपल्या धंद्याचं हत्यार काढायचा, कुणबी असेल तर नांगर. सरकारी कागद संपला की तळाशी 'मोर्तब सूद', म्हणजे शिक्का झाला. त्याखाली कुणी एक ओळ घुसडायची नाही.

पण मला खरी गंमत वाटली ती येजितखताची. हा कागद हरलेल्यानं लिहून द्यायचा: माझा दावा खोटा ठरला, यापुढे मी किंवा माझ्या वंशजांनी हा कजिया काढू नये. जिंकणारा सरकारात हरकी भरायचा, हरणारा गुन्हेगारी. म्हणजे मोर्तब सरकारचं, पण "मिटलं" हा शब्द हरलेल्याच्या तोंडून.

जुना निवाडा दाखवून नवा दावा परतवायची कल्पना तर आणखी जुनी. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, साधारण ११०० च्या आसपास, विज्ञानेश्वरानं मिताक्षरा लिहिली. प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार त्यात येतात, त्यातलं एक प्राङ्न्याय: याचा निकाल पूर्वीच लागलाय. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं ११ वं कलम हेच सांगतं.

सगळं आलबेल होतं असं नाही. वतनाचे तंटे येजितखतं लिहूनही नातवांनी पुन्हा उकरून काढलेच. दडपणाखाली लिहून दिलेला कागद शेवटी कागदच.

याच तालुक्यातलं उदाहरण घ्या ना. १९२१ साली टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाच्या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट पुढे होते. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनी घेतल्या. बऱ्याच जमिनींवर सावकारांचा ताबा होता आणि सावकार मोबदल्याला राजी होते. १९२४ पर्यंत लढा विझला, बापट तुरुंगात गेले, धरण झालं, गावं पाण्याखाली गेली. कागदावर प्रकरण बंद. पण होकार कुणाचा? ज्याचं शेत आणि घर गेलं, त्याचं येजितखत कुणी मागितलंच नाही. म्हणूनच शंभर वर्षांनंतरही मुळशीचा विषय निघाला की "मिटलेलं प्रकरण" असं कुणी म्हणत नाही.

असो. मित्रानं जमीन अजून घेतलेली नाही. कंसातल्या नावांची माणसं कुठे आहेत ते आधी शोधणार, म्हणतोय. मला पटलं. पुढच्या शनिवारी पुन्हा रिहे.