मारुताचा श्वास

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या उद्यानात आगगाडीचे जुने इंजिन आणि ट्रामचा डबा यांच्या सोबतीने 'एचएफ-२४ मारुत' हे लढाऊ विमान मांडलेले आहे. सहलीला आलेली मुले त्याच्या टोकदार नाकापुढे घटकाभर थांबतात आणि पुढे जातात. भारतात रचून घडवलेले हे पहिले जेट लढाऊ विमान, एवढे त्यांना सांगितले जाते आणि ते खरेही आहे. मात्र त्याच्या पोटात बसवलेल्या इंजिनाविषयी सहसा कोणी बोलत नाही. विमानविद्येचा इतिहास आपण आकृतींचा इतिहास म्हणून लिहितो. तो प्रत्यक्षात श्वासाचा इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

श्वास हा शब्द येथे केवळ अलंकार म्हणून आलेला नाही. पिस्टनचे इंजिन हवेवर जगते. सुमारे १८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो आणि त्या प्रमाणात इंजिनाची शक्तीही ओसरते. यावरचा उपाय म्हणजे टर्बोचार्जर. इंजिनातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या तप्त वायूवर एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची विरळ हवा दाबायची आणि ती इंजिनाला पाजायची. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस याने कोलोरॅडोतील पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच शिखरावर लिबर्टी इंजिन नेले आणि टर्बोचार्जरच्या बळावर ते तेथेही समुद्रसपाटीइतकीच शक्ती देते, हे दाखवून दिले.

स्वतःच्या हातांनी छोटे विमान बांधणाऱ्या जगभरच्या हौशी माणसांना हा उपाय फार मोहवतो. टाकाऊ धुरातून शक्ती मिळते, म्हणजे ती फुकटच, असे प्रथमदर्शनी वाटते. पण दाबलेली हवा तापते. तापलेल्या हवेने इंधन अवेळी पेट घेते आणि पिस्टनला भोक पडू शकते. म्हणून कॉम्प्रेशन रेशो उतरवावा लागतो, जादा दाब सोडून देणारी झडप लागते, तेलाची आणि थंडाव्याची व्यवस्था वाढते, आणि तिच्याबरोबर वजनही. अशा विमानांसाठी तयार मिळणारे 'रोटॅक्स ९१४' हे टर्बोचार्ज केलेले इंजिन ११५ अश्वशक्ती देते खरे, पण फक्त पाच मिनिटे. पुढे १०० वर समाधान मानायचे असते. ज्या इंजिनाची रचनाच या दाबासाठी झालेली नाही, त्याला ही जोड देताना हिशेब अधिकच कठोर होतो.

हा हिशेब एका माणसाला दोनदा मांडावा लागला. कुर्ट टँक याने दुसऱ्या महायुद्धात जर्मनीसाठी 'फोके-वुल्फ १९०' हे विमान रचले. खालच्या आकाशात ते बलवान होते, फार उंचीवर मात्र त्याचा दम तुटे. १९४२-४३ मध्ये त्याला टर्बोचार्जर लावून पाहिला. पोटाखालच्या फुगीर भागामुळे त्या नमुन्याला 'कांगारू' हे टोपणनाव मिळाले, पण तप्त वायूच्या नळ्या आणि टर्बाइन तग धरेनात. शेवटी तो मार्ग सोडावा लागला.

हाच टँक १९५६ साली भारतात आला आणि बंगळूरला त्याने मारुत रचले. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी त्याचे पहिले उड्डाण केले. ध्वनीच्या दुप्पट वेग हे उद्दिष्ट होते. त्यासाठी धरलेले आफ्टरबर्नरचे ऑर्फियस १२ हे ब्रिटिश इंजिन कधी आलेच नाही. त्याचा विकास पुरा करण्याचा खर्च भारताने उचलावा अशी अपेक्षा होती. ती आपण नाकारली. हाती राहिले सुमारे २,२०० किलो रेट्याचे ऑर्फियस ७०३. दोन इंजिने लावूनही विमान ध्वनीच्या वेगाच्या आसपासच घुटमळत राहिले. इजिप्तमध्ये घडणाऱ्या इंजिनाचीही आशा धरून झाली.

जेट इंजिनाचा आफ्टरबर्नर आणि पिस्टन इंजिनाचा टर्बोचार्जर ही यंत्रे अगदी वेगळी. त्यांच्यामागची इच्छा मात्र एकच असते: आहे त्याच इंजिनातून अधिक काही काढावे. बंगळूरला देशी आफ्टरबर्नर घडवला गेला. रेटा वाढला, पण शेपटाकडचा भाग रुंद झाल्याने हवेचा विरोधही वाढला. १० जानेवारी १९७० रोजी याच प्रकारच्या नमुन्याचे उड्डाण करताना सुरंजन दास यांचा मृत्यू झाला. पुढे १९७१ च्या युद्धात लोंगेवाला येथे मारुतने चोख कामगिरी केली. एकूण १४७ विमाने बांधली गेली. ज्या इंजिनासाठी ते रचले होते ते त्याला अखेरपर्यंत लाभले नाही.

वरळीहून गिरगाव चौपाटी फार दूर नाही. तेथे १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी 'मरुत्सखा' नावाचे विमान उडवले, अशी कथा आपण आवडीने सांगतो. तळपदे ही खरी, अभ्यासू व्यक्ती होती. उड्डाणाला मात्र समकालीन विश्वसनीय पुरावा नाही. ज्या 'वैमानिकशास्त्रा'शी ही कथा जोडली जाते, तो ग्रंथ विसाव्या शतकातील असून त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्ये दाखवले. कथेत समुद्र आहे, जमलेली गर्दी आहे, उंचीचा आकडाही आहे. इंजिनाशी आल्यावर 'पारा' एवढाच शब्द उरतो. दंतकथा आणि इतिहास यांतील भेद विद्यार्थ्यांना शिकवायचा असेल, तर 'इंजिन कोणते होते?' हा एक प्रश्न पुरेसा आहे.

याच शहरात कांदिवलीच्या चारकोपला कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडला आणि धुळ्याला चाचणीचे उड्डाण झाले ते २०२० मध्ये. या हकिकतीत चमत्कार नाही. आहेत ती वर्षे, कागदपत्रे, परवानग्या आणि चाचण्या. म्हणूनच ती इतिहासात बसते.

मरुत्सख्याच्या नावाने आपल्याला अभिमान वाटतो, आणि मारुतच्या नावाने थोडा संकोच. हे उलट असायला हवे. अपुऱ्या श्वासानिशी का होईना, मारुत उडाले. त्याच्या उणिवांचे आकडे उपलब्ध आहेत, आणि त्या भरून काढताना एका माणसाने दिलेल्या प्राणांची तारीखही. वरळीला गेलात तर नाकाकडून पाहून परत फिरू नका. मागे जाऊन त्या दोन पोकळ नळकांड्यांकडेही क्षणभर पाहा.