पात्रे काल्पनिक आहेत

अर्पणपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर, तळाशी, बारीक टायपात एक ओळ असते: पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत, साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा. वाचक ती वाचत नाही. आम्हाला ती जुळवावी लागे. जालन्यात आमचा छापखाना होता, पायाने चालवायच्या ट्रेडलचा. पोट चालायचं ते लग्नपत्रिकांवर, मोंढ्यातल्या आडत दुकानांच्या बिलबुकांवर, आणि 1964 साली महिको निघाल्यापासून गावात बियाण्यांचा धंदा वाढत गेला तशी त्याच्या लेबलांवर. साहित्य यायचं ते लगीनसराई संपल्यावर. कुणी शाळामास्तर, कुणी तहसिलीतला कारकून भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून पाचशे प्रती काढायचा. काम झालं की खिळे सोडून परत केसमध्ये टाकायचे, हा नियम. ही एक ओळ मात्र आम्ही कधी सोडली नाही. सुतळीने बांधून फळीवर ठेवलेली असायची.

तिचं मूळ मराठीत नाहीच. 1932 साली अमेरिकेतल्या एमजीएम कंपनीने रासपुतीनवर चित्रपट काढला. त्यातल्या एका राजकन्येत आपली बदनामी आहे म्हणून रशियातून परागंदा झालेल्या इरिना युसुपोव्ह या खऱ्या राजकन्येने लंडनच्या कोर्टात दावा लावला आणि 1934 साली 25 हजार पौंड मिळवले. तेव्हापासून सिनेमावाले ही ओळ दाखवू लागले. पुढे ती पुस्तकांत शिरली. पण अंबड-भोकरदनकडचा माणूस कादंबरीवरून अब्रुनुकसानीचा दावा कशाला लावील? आमच्या लेखकांना ही ओळ कोर्टासाठी नको होती. ती होती भावकीसाठी, पारावर बसणाऱ्यांसाठी.

माझ्या आधीच्या पिढीला धास्ती होती ती सरकारची. सप्टेंबर 1948 पर्यंत जालना निजामाकडे होतं. सभा घ्यायची तर परवानगी लागे. तो हुकूम ‘गश्ती निशाण 53’ या नावाने जुन्या माणसांना पाठ होता. आज आमच्या जिल्ह्यात असलेल्या परतूरला जून 1937 मध्ये महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरलं, तेही राजकारण हा शब्द जपून वापरत. आ. कृ. वाघमारे यांचं ‘मराठवाडा’ साप्ताहिक बंदी आली की नाव बदलून निघायचं. वर्तमानपत्राला ते जमतं. अंक आठवड्याचा असतो, नाव गेलं तर दुसरं घेता येतं. कादंबरीला दोन-तीन वर्षांचा निवांतपणा लागतो, आणि तो असल्या राज्यात कुणाला मिळणार? मग बोलणं पुराणाच्या आडून चालायचं. ब्रिटिश मुलखात खाडिलकरांनी ‘कीचकवध’मध्ये तेच केलं होतं. लोकांनी कीचकात कर्झन ओळखला आणि 1910 मध्ये सरकारनेही ओळखून नाटक बंद केलं.

निजाम गेला. आता लिहायला मोकळीक झाली, असं कुणालाही वाटेल. पण माझ्या हाताखालून गेलेल्या त्या काळावरच्या बाडांत एक गोष्ट सारखी दिसे. रझाकार, जाळपोळ, सरहद्दीवरचे कॅम्प, सगळं दाणेदार लिहिलेलं असायचं. मग लष्कर यायचं. जालन्यात ते 17 सप्टेंबरच्या आधीच आलं होतं. तिरंगा चढायचा आणि कादंबरी संपायची. त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांचं काय झालं, यावर एक प्रकरण नाही. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानात फिरून मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा ही नावं होती. तो अहवाल सरकारने छापला नाही. अभ्यासकांच्या हाती तो आला 2013 च्या सुमारास. सरकारने अहवाल दडवला हे समजू शकतं. सरकारं तेच करतात. लेखकांना मात्र कुणी नोटीस दिली नव्हती. नरहर कुरुंदकरांनी हैदराबादच्या प्रश्नावर निबंधातून परखड लिहिलं, पण निबंधात आकडे आणि तत्त्वं चालतात. कादंबरीत शेजारच्या रिकाम्या घराला कुणाचं तरी नाव द्यावं लागतं, आणि त्या घरात आता कोण राहतं हेही सांगावं लागतं. तिथे आमच्या लेखकांची लेखणी अडायची. मला हे जास्त खटकतं, कारण त्यातले काही खरोखर चांगले लिहिणारे होते.

कायद्याची भीती दुसऱ्या दारातून आली. 1962 च्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कादंबरी आली. एक कवी आणि त्याच्या आयुष्यातल्या तीन बायका. अश्लील म्हणून पुण्यातल्या एका गृहस्थाने फिर्याद केली. खालच्या कोर्टाने सोडलं, हायकोर्टाने काकोडकरांना दोषी धरलं आणि 25 रुपये दंड केला, शिवाय अंक नष्ट करा म्हणून सांगितलं. 25 रुपयांसाठी काकोडकर सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. 25 ऑगस्ट 1969 रोजी तिथे ते निर्दोष सुटले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. जगनमोहन रेड्डी हैदराबादेत वकिली केलेले, म्हणजे एका अर्थाने आमच्याच जुन्या राज्यातले. त्याच वर्षी काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ पडद्यावर आला. माणसाचं काही बिघडलं नाही, उलट नाव झालं. पण जालन्यात बातमी पोचली ती खटल्याची. सुटकेची बातमी कुणी मनावर घेतली नाही. खटल्यात लेखकाबरोबर मुद्रक-प्रकाशकही आरोपी होता, ही गोष्ट आम्हा छापखानेवाल्यांत वर्षानुवर्षं सांगितली जायची. त्यानंतर प्रूफं परत येताना त्यावर लेखकाच्याच हाताने फुल्या मारलेल्या असायच्या. न्हाणीघराचा प्रसंग गेला, विधवा वहिनीचा गेला, वाड्यातला सालगडी आणि मालकीण तर दोनदा गेले. एकाही ठिकाणी कुणी आक्षेप घेतलेला नव्हता. आणीबाणीत तेच झालं, फक्त जलद. एका कथेतली नसबंदीची गाडी प्रूफातच देवीच्या लशीची झाली आणि कथेचा सगळा दम गेला.

याहून जुनी आणि चिवट रीत आडनावांची. ग्रामीण मराठी कथेत पाटील असतो, मास्तर असतो, तात्या, आक्का, आबा असतात. आडनाव क्वचित, कारण आडनाव आलं की जात आली आणि जात आली की कुणाची बाजू घेतली हे ठरलं. दलित लेखकांनी हे आधी मोडलं. औरंगाबादहून 1967 पासून गंगाधर पानतावणे ‘अस्मितादर्श’ काढत होते, त्यात माणसं जातीसकट उभी राहिली. 1978 मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आलं. तेच नामांतराच्या ठरावाचं आणि मराठवाड्यातल्या जाळपोळीचं वर्ष. त्या वर्षानंतर आमच्याकडे येणाऱ्या सवर्ण लेखकांच्या कथांतून गावाची नावंसुद्धा गळू लागली. सावरगाव, पिंपळगाव अशी कुठेही सापडणारी नावं यायची. बोली तेवढी राहिली. ती रा. रं. बोराड्यांच्या ‘पाचोळा’ने 1971 मध्ये धीटपणे कादंबरीत आणली होती, म्हणून. गोदाकाठ, दुधना, मत्स्योदरीची टेकडी ही आमची ठिकाणं कथेत शोधायला गेलं तर मिळत नाहीत.

एका मास्तरांनी मात्र धाडस केलं होतं. समर्थ रामदासांचा जन्म घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा, 1608 मधला. ‘सावधान’ ऐकून नारायण बोहल्यावरून पळाला ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. परंपरेने त्या लग्नाचं ठिकाण आसनगाव सांगितलं जातं. मास्तरांनी विचारलं ते एवढंच: अंतरपाटाच्या पलीकडच्या मुलीचं पुढे काय झालं? चरित्रकार पळणाऱ्याच्या मागे टाकळीपर्यंत जातात, मांडवात मागे वळून कुणी बघत नाही. मास्तरांनी तिच्यावर दीडशे पानं लिहिली. समर्थांना एक शब्द वावगा नव्हता. पुस्तक निम्मं जुळवून झालं होतं. तेवढ्यात आनंद यादवांचं प्रकरण झालं: ‘संतसूर्य तुकाराम’वरून वारकरी संतापले, यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं गेलं आणि अध्यक्षपदी निवडून आलेल्या यादवांनीच राजीनामा दिल्यामुळे 2009 चं महाबळेश्वरचं साहित्य संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. तोवर आमच्याकडे खिळे जाऊन संगणक आला होता, त्यामुळे बदल सोपे. मास्तर दर आठवड्याला येऊन एक गोष्ट बदलत. आधी जांब गेलं, मग आसनगाव, मग शतक. शेवटी मुलगा शहरात नोकरीला पळाला आणि मुलीला दुसरं स्थळ मिळालं. छापून झालं, खपलंही बऱ्यापैकी. मी त्यांना काही बोललो नाही, गिऱ्हाईक होते. पण पहिलं बाड मी वाचलेलं आहे, आणि मराठीत त्या मुलीवर तसं लिहिलेलं मला अजून मिळालेलं नाही.

1867 च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण घालणं सक्तीचं होतं. त्यामुळे गंमत अशी व्हायची, की लेखकाने टोपणनाव घेतलेलं, गावाचं नाव खोटं, माणसं बिनआडनावाची, आणि सगळ्या पुस्तकात एकच खरा पत्ता, आमचा. रागावलेली माणसं साहजिकच आमच्याकडे यायची. मंठ्याकडच्या एका खेड्याचे सरपंच असेच एका कथासंग्रहाची प्रत घेऊन उन्हात आले. लेखक त्यांच्याच गावचा, आणि त्यांच्याच धाकाने त्याने गावाचं नाव पार पुसलं होतं. मी बांधलेली ओळ दाखवावी तसं पान उघडून त्यांना दाखवलं. ते म्हणाले, “पात्रं असतील हो काल्पनिक. पर मारुतीच्या पारामागची हीर आमचीच हाय. अन् चाळीस हात लिव्हलीय. साठ हात हाय ती. फुडच्या टायमाला दुरुस्त करा, आन् गावाचं नाव बी टाका.” मग दहा प्रती मागितल्या, रोख देऊन.