उसन्या शब्दांचा आधार : ‘इंडियन ओशन’ची वाटचाल

प्रयोगशील कलावंत आणि बहुसंख्य रसिक ह्यांच्या परस्परसंबंधाविषयी आपल्याकडे एक समजूत रूढ आहे. ती अशी, की कलावंताने समाजाकडे एक पाऊल टाकले म्हणजे तो आपल्या कलेपासून एक पाऊल दूर गेलाच. लोकप्रियता ही तडजोडीची किंमत होय, असे ही समजूत मानते. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ ह्या रॉक वाद्यवृंदाचा तीस वर्षांहून अधिक काळाचा इतिहास ह्या समजुतीला बाध आणणारा आहे. ह्या वृंदाने प्रयोग केले ते स्वरांत, परंतु श्रोते जोडले ते शब्दांच्या बळावर. आणि त्यांतील सर्वांत परिणामकारक शब्द त्याचे स्वतःचे नव्हते. म्हणूनच हा इतिहास संगीताच्या अभ्यासकाइतकाच काव्याच्या अभ्यासकालाही विचार करावयास लावतो.

१९९० मध्ये गिटारवादक सुश्मित सेन आणि तबलावादक-गायक असीम चक्रवर्ती ह्यांनी ह्या वृंदाचा पाया घातला. भारतीय शहरांतील रॉक संगीत त्या काळी बव्हंशी परकीय गीतांच्या अनुकरणावर पोसलेले होते. महाविद्यालयीन मेळाव्यांतील श्रोत्याला परिचित इंग्रजी गीत हुबेहूब ऐकावयाचे असे, आणि वादकाची योग्यता त्या हुबेहूबपणावरून ठरे. सेन आणि चक्रवर्ती ह्यांनी ही वाट नाकारली. १९९१ मध्ये राहुल राम बेस गिटार घेऊन आले, १९९४ मध्ये अमित किलम ड्रम्सवर बसले, आणि पुढील दीड दशक टिकलेली चौकडी पूर्ण झाली. सेन ह्यांच्या गिटारीत स्वरसमूहांच्या ठोक्यांपेक्षा एकेका स्वराची आलापासारखी उकल अधिक असे. चक्रवर्ती तबला वाजविता वाजविताच गात. १९९३ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत शब्दांना गौण स्थान होते. १९९७ ची ‘डेझर्ट रेन’ ही प्रत्यक्ष मैफलीचे ध्वनिमुद्रण होती, आणि तिच्यातही वाद्यसंगीताचाच वरचष्मा होता. जाणकारांनी ह्या संगीताचा आदर केला. तथापि त्याचे वर्तुळ मर्यादितच राहिले.

ते वर्तुळ रुंदावले २००० मध्ये, ‘कंदीसा’ ह्या संग्रहामुळे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ह्या संग्रहात वृंदाने आपले वादन सोपे केले नाही. गीते लांबलचक होती, चित्रपटगीताचा मुखडा-अंतऱ्याचा साचा त्यांनी पाळला नव्हता, आणि मध्येच सुटणारे वाद्यांचे प्रदीर्घ संवाद पूर्ववतच होते. बदल झाला तो शब्दांच्या निवडीत. ‘कंदीसा’ हे शीर्षकगीत म्हणजे केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतील एक प्राचीन सिरियॅक प्रार्थना होय. ‘हिल्ले ले’चे मूळ गोरख पांडे ह्या क्रांतिकारी कवीच्या भोजपुरी गीतात आहे. ‘मा रेवा’ हे नर्मदाखोऱ्यातील लोकगीत. ते ह्या वृंदापर्यंत आले ते राहुल राम ह्यांच्याबरोबर. कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेल्या ह्या वादकाने नव्वदीच्या दशकाच्या पूर्वार्धात नर्मदा बचाव आंदोलनात काम केले होते.

दिल्ली-मुंबईच्या श्रोत्यांपैकी सिरियॅक भाषा जाणणारे कितीसे असणार? तरीही ती प्रार्थना हजारो कंठांनी उचलून धरली. अनेक पिढ्यांनी समूहाने उच्चारलेल्या शब्दांना एक घडीव गोलाई येते, नदीच्या पात्रातील गोट्याला येते तशी. त्यांचा अर्थ कळण्याआधीच त्यांची लय कळते. कीर्तनकार पूर्वरंगात एक परिचित अभंग घेतो, त्यावर निरूपणाचा दूरवर विस्तार करतो, आणि श्रोता वाट चुकणार असे वाटताच पुन्हा त्या ध्रुवपदावर येतो. ‘इंडियन ओशन’ने जाणता-अजाणता हेच केले. ध्रुवपद समाजाचे, निरूपण आपले. श्रोत्याच्या हाती ध्रुवपदाचा दोर असल्यामुळे त्याला अपरिचित स्वरप्रदेशात लांबवर नेता आले. प्रयोग आणि लोकप्रियता ह्यांचा समतोल येथे दोहोंना अर्धे अर्धे कापून साधलेला नाही; प्रत्येकाला आपापले क्षेत्र पूर्णपणे मिळालेले आहे.

परंतु उसनवारीला ऋणाची बाजू असतेच. एका समूहाचे गीत दुसऱ्या समूहापुढे गाणे हे एक प्रकारचे भाषांतरच होय, आणि भाषांतरात काय हरवले, हा प्रश्न टाळता येत नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारे महाराष्ट्रातील पहिले गाव मणिबेली. तत्कालीन धुळे जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील ह्या गावात १९९३ च्या पावसाळ्यात पाणी शिरले. ज्या वर्षी ‘मा रेवा’ शहरांतील सभागृहांत पोचले, त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर २००० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने धरणाचे काम पुढे नेण्यास बहुमताने संमती दिली. १३८.६८ मीटर उंची गाठलेले ते धरण सप्टेंबर २०१७ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. नदीला आई म्हणणाऱ्या गीतावर सभागृह डोलत असताना खोऱ्यातील माणसे त्या आईच्या काठावरून उठत होती. मुळात जे जगण्याचे अंग होते ते मैफलीत आनंदाचे निमित्त झाले. राहुल राम गीतापूर्वी त्याचे मूळ श्रोत्यांना सांगत आले आहेत, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे गमक मानले पाहिजे. अनुवादकाने मूळ ग्रंथकाराचे नाव मुखपृष्ठावर द्यावे, त्यातलाच हा प्रकार. ऋण त्याने मान्य होते. फिटत मात्र नाही.

चित्रपटसृष्टीशी ह्या वृंदाचा आलेला संबंधही ह्याच अंगाने तपासला पाहिजे. अनुराग कश्यप ह्यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ हा चित्रपट १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांवर आधारलेला होता. खटला चालू असल्याने न्यायालयीन मनाईत अडकलेला हा चित्रपट भारतात प्रदर्शित झाला तो फेब्रुवारी २००७ मध्ये. पीयूष मिश्रा ह्यांनी लिहिलेले त्यातील ‘बंदे’ हे गीत वृंदाच्या स्वतंत्र रचनांहूनही दूर गेले. येथे तडजोडीचा आरोप करणे सोपे आहे. परंतु पुढील निवडी पाहाव्यात. ‘पीपली लाइव्ह’साठी (२०१०) ह्या वृंदाने उर्दूतील मुक्तछंदाचे अग्रणी कवी नून मीम राशिद ह्यांची कविता घेतली. ‘मसान’मधील (२०१५) सर्वांत गाजलेले गीत दुष्यंत कुमार ह्यांच्या एका शेराला वरुण ग्रोवर ह्यांनी दिलेल्या नव्या कडव्यांतून उभे राहिले. बाजाराच्या सर्वांत गजबजलेल्या पेठेत उभे राहूनही ह्या वादकांनी हात घातला तो कवितेच्या संचितालाच.

२५ डिसेंबर २००९ रोजी असीम चक्रवर्ती निवर्तले. त्यांचा आवाज ज्यात आधीच मुद्रित झाला होता, तो ‘१६/३३०, खजूर रोड’ हा सात गीतांचा संग्रह वृंदाने २०१० पासून दर महिन्यास एक गीत ह्याप्रमाणे श्रोत्यांना विनामूल्य दिला. संग्रहाचे नाव म्हणजे करोलबागेतील त्यांच्या तालमीच्या घराचा पत्ता. २०१३ मध्ये सुश्मित सेनही वेगळे झाले आणि संस्थापकांपैकी कोणीच उरले नाही. नव्या सोबत्यांसह २०१४ मध्ये आलेल्या ‘तंदानू’त शुभा मुद्गल, विश्वमोहन भट्ट, शंकर महादेवन ह्यांच्यासारखे थोर पाहुणे आहेत. त्यांचे कौशल्य निर्विवाद आहे. तरीही येथे समतोल किंचित ढळलेला जाणवतो, कारण पूर्वी शब्द उसने होते आणि स्वर आपले. आता स्वरही काही अंशी उसने झाले. अनाम समूहाचे ध्रुवपद वृंदात विरघळून जाते. नामवंताचा स्वर मात्र आपली ओळख राखूनच उभा राहतो. २०२३ चा ‘तू है’ हा संग्रह मात्र, संस्थापकांवाचूनही हा प्रवाह आटलेला नाही, एवढे निश्चित दाखवितो.

ह्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष केवळ रॉक संगीतापुरता नाही. समाजाच्या स्मृतीत आधीच रुजलेले काही घेऊन त्यावर आपले नवे बांधकाम करणारा कलावंत एकाच वेळी धाडसी आणि लोकमान्य होऊ शकतो. मात्र ज्या समाजाकडून त्याने ते घेतले, तो समाजच विस्थापित होत असेल, तर गीताचे जतन हे माणसांच्या जतनाला पर्याय ठरत नाही. ‘मा रेवा’ आज नर्मदेपासून शेकडो कोस दूर राहणाऱ्यांनाही मुखोद्गत आहे. मणिबेलीच्या जुन्या वस्तीवर मात्र जलाशयाचे पाणी आहे.