रुमालातले दप्तर आणि पुतण्याची नोकरी

माझा पुतण्या पुण्यात 'डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' आहे. नशिराबादला आमच्या नात्यात कुठेही कार्य असले की कुणीतरी विचारतेच, "अण्णा, तो नेमकं करतो काय?" इतिहासाच्या मास्तराने याचे उत्तर इतिहासातच शोधावे, म्हणून हा प्रपंच.

पूर्वी गावाची सगळी माहिती कुलकर्ण्याच्या दप्तरात असे. कागद कापडात बांधलेले; त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. लिपी मोडी. कोणता कागद कोणत्या रुमालात, हे कुलकर्ण्यालाच ठाऊक. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे वतन म्हणून जाई. शेतकरी कागदाला भिई, यात नवल नाही. इंग्रजांनी खानदेशात जमीनमोजणी आणली, तेव्हा १८५२ मध्ये सावदा भागातल्या शेतकऱ्यांनी तिला उघड विरोध केला होता. पुढे १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने रद्द झाली.

गंमत म्हणजे संगणकातही सुरुवातीला असाच प्रकार होता. माहिती कुठे, कोणत्या वाटेने ठेवली आहे हे ठाऊक असणाऱ्यालाच ती काढता येई. १९७० मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी एक निबंध लिहून वेगळी रीत सुचवली. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा आणि तक्ते समान क्रमांकांनी जोडा. काय हवे ते सांगा, कुठून आणायचे ते यंत्र पाहील. आपल्याला हे नवे नाही. सातबाऱ्यावर खाते क्रमांक असतो, तोच आठ-अ वर असतो. फेरफाराचा क्रमांकही सातबाऱ्यावर असतो. म्हणूनच की काय, आपले कागद संगणकात बसले. १९८८-८९ मध्ये जमिनीच्या नोंदी संगणकावर घेण्याचा प्रयोग देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात आपला वर्धा होता. आज डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो.

कॉड यांचा निबंध छापून सर्वांसाठी खुला झाला होता. आयबीएमचे जुने उत्पादन बाजारात चालत होते, त्यामुळे ती कंपनी रेंगाळली. लॅरी एलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएमच्या संशोधकांचे निबंध वाचून १९७९ मध्ये ओरॅकल विकायला काढले. आयबीएमचे स्वतःचे उत्पादन १९८१ मध्ये आले. पुढे या विषयाच्या जागतिक परिषदा भरू लागल्या. त्यातली 'व्हेरी लार्ज डेटा बेसेस' ही मोठी परिषद १९९६ मध्ये मुंबईत झाली.

पुतण्याचे रोजचे काम म्हणजे दप्तरदाराचेच. कोणी काय पाहायचे याची परवानगी द्यायची, संथ झालेले काम वेगाने चालते करायचे, रोज प्रत काढून ठेवायची आणि त्या प्रतीवरून सगळे पुन्हा उभे राहते का, हे अधूनमधून तपासायचे. तो आधी ओरॅकल शिकला, मग पोस्टग्रेस, आता पन्नाशीला आल्यावर क्लाउड. पंचविशीतल्या मुलांशेजारी बसून शिकतो. शिकला की परिषदेत जाऊन सांगतो, लिहूनही ठेवतो.

मागे घरातल्याच एका वडीलधाऱ्यांनी त्याला टोकले, "सगळं सांगून टाकतोस, मग तुझी किंमत काय राहणार?"

तो म्हणाला, "काका, हे दहा वर्षांत जुनं होतं. दडवून काय करू? मीही दुसऱ्यांनी सांगितलेलंच शिकलो."

मला त्याचे म्हणणे पटले. कुलकर्ण्याचे ज्ञान पिढ्यान् पिढ्या पुरले, कारण दप्तर बदलत नव्हते. पुतण्याचे दप्तर सतत बदलते, म्हणून त्याला वतन परवडत नाही. त्याची काळजी मात्र वाटते. रात्री-अपरात्री फोन येतात, आणि शिकणे साठीपर्यंत सुटायचे नाही.

नात्यातली दोन-तीन मुले याच वाटेने जायचे म्हणताहेत. त्यांच्या आईवडिलांना एवढेच सांगणे आहे : पगाराचा आकडा नंतर विचारा. पोराला निवृत्तीपर्यंत अभ्यास करायची आवड आहे का, ते आधी पाहा.