उन्हाळी टायरची निवड : एक ऐतिहासिक विचार

मोटारीसाठी उन्हाळी टायर निवडताना युरोपातील ग्राहक तीन गोष्टींची अपेक्षा करतो : इंधनाची काटकसर, प्रवासातील सुख आणि रस्त्यावरील खात्रीची पकड. या तिन्ही अपेक्षा एकाच काळी जन्मल्या नाहीत, आणि त्या परस्परांशी सहजी नांदतही नाहीत. त्यांच्यातील विरोध कसा उद्भवला व कितपत मिटला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले. गाडी ओढण्याचे श्रम कमी व्हावेत, तिची चाल सुखाची व्हावी आणि आवाज घटावा, हे त्याचे हेतू होते. काटकसर व सुख यांचा उगम येथे सापडतो. पकडीचा विचार मात्र आढळत नाही. ते स्वाभाविकच होते. गाडी ओढण्याचे व वळविण्याचे काम घोडा करी. चाक केवळ त्याच्यामागून फिरत असे.

टॉमसनचा शोध विस्मृतीत गेला. १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप याने तीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा शोधून काढली, आणि १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेच्या टायरांवर मोटार उतरविली. घोडा गेला, त्यामुळे पळणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे रस्त्याला टेकणाऱ्या चार लहानशा रबरी तुकड्यांवर येऊन पडली.

जुन्या टायरात दोऱ्यांचे पदर एकमेकांना छेदून तिरकस बसविलेले असत. चाक फिरताना ते परस्परांवर घासून तापत व तेवढी शक्ती वाया जाई. शिवाय बाजू व तळ यांची बांधणी एकच असल्यामुळे एक मऊ केली की दुसराही ढिला पडे. मिशलँ कंपनीने १९४६ साली पेटंट घेऊन १९४९ साली विक्रीस आणलेल्या रेडियल टायरने ही अडचण बरीचशी दूर केली. त्यात दोरे काठापासून काठापर्यंत सरळ जातात आणि तळाखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. बाजू लवचिक व तळ ताठ, अशी कामांची वाटणी झाली. संथ गतीत मात्र हा टायर काहीसा कडक भासे. त्यास अनुरूप अशी मोटारींची स्प्रिंग-रचनाही बदलावी लागली.

एक विरोध तरीही शिल्लक राहिला. ओल्या रस्त्यावर पकड घेण्यासाठी रबराने शक्ती शोषून घ्यावयास हवी, तर इंधन वाचविण्यासाठी ती शोषता कामा नये. यातून मार्ग निघाला तो कंपनांच्या भेदामुळे. ताशी ८० किलोमीटर वेगात दोन मीटर परिघाचे चाक सेकंदास सुमारे ११ फेरे घेते. रस्त्याच्या खरखरीतपणामुळे रबरात उठणारी कंपने याहून कितीतरी पटींनी जलद असतात. १९९२ साली मिशलँने बाजारात आणलेल्या टायरात काजळीच्या बऱ्याचशा भागाऐवजी सिलिका वापरली होती. असे रबर मंद कंपनांत थोडी, तर जलद कंपनांत पुरेशी शक्ती शोषते.

युरोपीय संघाने १ नोव्हेंबर २०१२ पासून टायरांवर गुणपत्रिका सक्तीची केली. १ मे २०२१ पासून तिचे सुधारित रूप लागू झाले. इंधनबचत व ओल्या रस्त्यावरील पकड यांना तीत 'ए' ते 'ई' अशा श्रेणी असून बाहेर ऐकू येणाऱ्या आवाजाचीही नोंद असते. प्रवाशाचे सुख, कोरड्या रस्त्यावरील वळण आणि टायरची झीज यांविषयी मात्र ती काहीच सांगत नाही. त्यासाठी स्वतंत्र चाचण्यांचेच साहाय्य घ्यावे लागते.

'उन्हाळी' हे विशेषणही फसवे आहे. फिनलंडमध्ये १९३४ साली बर्फासाठी खास टायर निघाला. अशा टायरांचा प्रसार झाल्यावरच इतरांना हे नाव पडले. हे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसखाली कडक होऊ लागते. पण उन्हाळ्यातही पाऊस पडतोच. म्हणून ओल्या रस्त्यावरील पकड प्रथम पाहावी व काटकसर आणि सुख यांची तुलना त्यानंतर करावी. काटकसरीतील चूक पैशाने भरून निघते. थांबण्यास अपुरे पडलेले अंतर कशानेही भरून निघत नाही.