ॲशच्या झाडाची टोपली : एका विणीचा इतिहास

आज आपण एका टोपलीचा इतिहास पाहणार आहोत. हा विषय जरा अवघड आहे, कारण टोपली मागे फारसं काही ठेवत नाही. मातीचं खापर जमिनीत हजारो वर्षं टिकतं. टोपली वापरून झिजते, फाटते आणि शेवटी चुलीत जाते. त्यामुळे तिचा इतिहास वाचायचा तर ती कशी करतात, हे आधी समजून घ्यावं लागतं. तेव्हा आज आपण आधी टोपली करू, म्हणजे शब्दांनी करू, आणि मग तिच्यामागच्या माणसांकडे येऊ.

आपली टोपली आहे अमेरिकेच्या अगदी ईशान्य कोपऱ्यातली, मेन या राज्यातली. मेन आणि त्याला लागून असलेला कॅनडाचा भाग ही वाबानाकी लोकांची भूमी. या नावाचा अर्थ साधारण ‘पहाटेच्या प्रदेशातले लोक’ असा होतो. पेनॉबस्कॉट, पासामाक्वॉडी, मॅलिसीट, मिकमॅक, अबेनाकी अशी राष्ट्रं त्यात येतात. त्यांच्या एका कथेत ग्लुस्काबे नावाचा आद्य वीर ॲशच्या झाडावर बाण मारतो आणि झाडाच्या सालीतून माणसं बाहेर येतात. ज्या झाडातून आपण जन्मलो असं हे लोक सांगतात, त्याच झाडाची टोपली ते विणतात.

हे झाड म्हणजे ब्लॅक ॲश. मेनमध्ये त्याला ब्राउन ॲश म्हणतात. पाणथळ जमिनीत, ओढ्याकाठी, दलदलीच्या कडेनं ते वाढतं आणि फार सावकाश वाढतं. त्याची खुबी लाकडाच्या रचनेत आहे. वसंतात झाड जे लाकूड घालतं, त्यात मोठमोठ्या नळ्या असतात. ते सच्छिद्र, ठिसूळ. उन्हाळ्यातलं लाकूड घट्ट आणि चिवट. म्हणजे प्रत्येक वर्षाच्या वलयात एक कच्चा थर आणि एक पक्का थर. सोललेल्या ओंडक्यावर नीट घाव घातले, की कच्चा थर चिरडला जातो आणि पक्का थर लांबलचक पट्टी होऊन सुटा होतो.

आपल्याकडे बुरूड बांबू उभा चिरतो आणि त्याच्या कामट्या काढतो. तिथे धार काम करते. ॲशच्या पट्टीसाठी धार नंतर लागते, आधी लागतो तो घाव. करवतीनं फळी कापली तर करवत रेषेत चालते, लाकडाचे तंतू मात्र झाडाच्या मर्जीनं वळलेले असतात. मग तंतू मध्येच तुटतात आणि अशी पट्टी वाकवताना कडकन मोडते. ठोकून सोडवलेल्या पट्टीत तंतू सलग राहतात. ती वाकते, पिळते, पण सहजी तुटत नाही. टोपलीची मजबुती ही अशी विणायच्या कितीतरी आधी ठरते.

किंबहुना ती जंगलातच ठरते. प्रत्येक ॲश टोपलीच्या कामाचं नसतं. खोड सरळ हवं, त्यात गाठी नकोत, पीळ नको. वलयं फार पातळ असली तर पट्टी दुबळी, फार जाड असली तर ती वाकायला राजी नाही. जाणता माणूस दलदलीत बरीच झाडं पाहत हिंडतो, तेव्हा एखादं निवडतो. हे निवडणं शिकायला वर्षं जातात आणि ते पुस्तकातून शिकता येत नाही.

झाड पाडल्यावर ओंडका वाळू द्यायचा नाही. दोन मुठींची सुरी असते, दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढायची. तिनं साल काढायची. मग कुऱ्हाडीच्या बोथट बाजूनं किंवा जड मोगरीनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जायचं. एक घाव दुसऱ्याला खेटून पडला पाहिजे. मध्ये जागा सुटली तर तिथे थर चिकटून राहतो. एक वलय सुटलं की खालच्यावर पुन्हा तेच. सगळ्यात वरची पट्टी गेल्या वर्षाची, त्याखालची त्याच्या आधीच्या वर्षाची. साठ वलयांचं झाड असेल, तर आतली पट्टी ठोकणाऱ्याच्या आजोबांच्या काळातली असते.

सुटलेली पट्टी एका बाजूनं खरखरीत असते. टोकाशी खाच पाडून तिचे जाडीत दोन भाग करतात आणि दोन्ही हातांनी ते हळूहळू विलग करत नेतात. आतला पृष्ठभाग रेशमासारखा गुळगुळीत निघतो. जाड पट्ट्या टोपलीच्या उभ्या काड्यांसाठी, पातळ पट्ट्या आडव्या विणीसाठी. सगळ्यांची रुंदी सारखी हवी म्हणून लाकडी मुठीत बारीक पोलादी दात बसवलेलं एक साधन असतं. त्यातून पट्टी ओढली की ती नेमक्या मापात चिरली जाते.

आता विणू. पट्ट्या भिजवून मऊ करायच्या. उभ्या पट्ट्या एकमेकींवरून आडव्या-तिडव्या गुंफून तळ तयार करायचा, मग चारी बाजूंनी त्या वर वळवायच्या. आडवी पट्टी एका काडीच्या पुढून, दुसरीच्या मागून जाते. इथे एक हिशेब आहे. काड्यांची संख्या सम असेल तर एक फेरा पुरा झाल्यावर पट्टी पुन्हा त्याच काड्यांच्या पुढून जाऊ लागते आणि वीण बसत नाही. म्हणून एकतर प्रत्येक फेऱ्याला नवी पट्टी घेऊन टोकं एकमेकांवर चढवायची, नाहीतर एक काडी मधून चिरून संख्या विषम करायची. विणलेली टोपली वाळली की लाकूड आकसतं, फेऱ्यांत फटी पडतात. घाई करणारा इथे फसतो. फेरे खाली दाबून घट्ट करायचे आणि मगच काठाकडे वळायचं.

काठ हा टोपलीचा कणा. एकाआड एक काडीचं टोक निमुळतं करून ते शेवटच्या फेऱ्यावरून दुमडून विणीत खोचतात. उरलेल्या काड्या काठाशी सपाट कापतात. मग आतून एक आणि बाहेरून एक अशी दोन लाकडी कडी बसवून पातळ पट्टीनं आवळून बांधतात. मूठ सलग लाकडाची, तासून केलेली. तिला खाच असते आणि ती खाच काठाखाली अडकते. त्यामुळे टोपली उचलली की सगळा भार काठावर येतो आणि काठातून सगळ्या काड्यांवर वाटला जातो. भरलेली टोपली रोज ओढली, आपटली, तरी ती वर्षानुवर्षं टिकते ती यामुळे.

आता इतिहासाकडे येऊ. ही कला कोणाची, यावर अभ्यासकांत चांगलाच वाद झाला. १९७५ साली टेड ब्रासर यांनी मांडलं की लाकडी पट्ट्यांच्या टोपल्या या लोकांनी युरोपीय वसाहतवाल्यांकडून, डेलावेअर खोऱ्यातल्या स्थायिकांकडून घेतल्या. १९८६ साली कॅथरिन बार्डवेल यांनी त्याला उत्तर दिलं आणि या कलेचं मूळ स्थानिकच असल्याची बाजू मांडली. जुन्या टोपल्या कुजून गेलेल्या, त्यामुळे हा वाद वस्तू समोर ठेवून मिटवता येत नाही. आम्हाला मात्र इथे रीतीची साक्ष महत्त्वाची वाटते. इंग्लंडमधला टोपलीवाला ओकचं लाकूड उकळून मऊ करतो आणि हत्यारानं फाडतो. ओंडका ठोकून वर्षाची वलयं सुटी करणं हे याच झाडाला जमतं, आणि हे झाड इथलं. पोलादी हत्यारं युरोपातून आली, बाजारही आला. पण दलदलीतलं कोणतं झाड ठोकावं हे ज्ञान जहाजातून येण्याजोगं नव्हतं.

बाजार मात्र फार महत्त्वाचा ठरला, आणि त्याचं कारण जमीन हे आहे. १७९० च्या केंद्रीय कायद्यानं सांगितलं होतं की संघराज्याच्या संमतीशिवाय आदिवासी राष्ट्रांची जमीन कोणी घ्यायची नाही. तरीही आधी मॅसॅच्युसेट्सनं आणि १८२० मध्ये वेगळं राज्य झाल्यावर मेननं ती घेतली. शिकारीची राने गेली, नदीकाठ गेले. उरली ती हातातली कला. एकोणिसाव्या शतकात वाबानाकी कुटुंबं दारोदार टोपल्या विकत. पुढे बार हार्बरसारख्या समुद्रकाठच्या गावांत श्रीमंत लोक उन्हाळ्यात हवा खायला येऊ लागले, तेव्हा ही कुटुंबंही तिथे तंबू ठोकून राहू लागली. या गिऱ्हाइकाला बटाटे भरायची टोपली नको होती. त्यांच्यासाठी नाजूक टोपल्या झाल्या: लाकडी साच्यावर विणलेल्या, रंगवलेल्या, सुवासिक स्वीटग्रासच्या वेण्या गुंफलेल्या. पुष्कळ घरांत पुरुष ओंडके ठोकत आणि बायका या टोपल्या विणत. त्यांच्या बोटांवर कित्येक चुली पेटत होत्या.

राज्याच्या उत्तरेला अरूस्टुक परगण्यात वेगळंच गिऱ्हाईक होतं. तिथे बटाट्याची मोठमोठी शेतं. काढणी हातानं व्हायची, शाळांना त्यासाठी सुट्टी द्यायची पद्धत होती. वेचणारा ॲशची टोपली पुढे सरकवत वेचायचा आणि भरली की पिंपात रिकामी करायचा. पिंपात सुमारे ७५ किलो बटाटे मावत आणि मजुरी पिंपामागे मिळे. म्हणजे टोपली मोडली की मजुरी बुडाली. मिकमॅक आणि मॅलिसीट कारागिरांनी अशा टोपल्या ढिगांनी केल्या. मेन हे देशातलं बटाट्याचं आघाडीचं राज्य होतं, त्या भरभराटीचा भार अक्षरशः या विणीनं उचलला. मग विसाव्या शतकाच्या मध्यानंतर काढणीची यंत्रं आली आणि टोपलीची मागणी सरली.

जमिनीचा प्रश्न कोर्टात गेला. १९७५ मध्ये न्यायालयानं मान्य केलं की १७९० चा कायदा पासामाक्वॉडी लोकांनाही लागू होतो. दावा जवळजवळ दोन-तृतीयांश मेनवर होता. १९८० मध्ये तडजोडीचा कायदा झाला, ८ कोटी १५ लाख डॉलर मंजूर झाले आणि त्यातून काही जमीन परत विकत घेता आली. पण तोवर टोपली विणणारे हात म्हातारे झाले होते. पन्नाशीच्या आतले विणकर मोजकेच उरले होते. १९९३ मध्ये विणकरांनी एकत्र येऊन मेन इंडियन बास्केटमेकर्स अलायन्स ही संस्था काढली. थेरेसा सिकॉर्ड या पेनॉबस्कॉट विणकर, ज्या पेशानं भूवैज्ञानिक होत्या, त्यांनी ती उभी केली. म्हाताऱ्या विणकरांजवळ तरुणांना शिकायला बसवायचं, आणि टोपलीला कष्टाच्या मोलाची किंमत मिळवून द्यायची, अशी साधी दुहेरी योजना होती. ती चालली. २०११ साली सांता फेच्या प्रसिद्ध इंडियन मार्केटमध्ये सर्वोत्कृष्ट कलाकृतीचा मान जेरेमी फ्रे या पासामाक्वॉडी विणकराच्या टोपलीला मिळाला.

हात सावरले, आणि त्याच काळात झाडावर संकट आलं. २००२ साली डेट्रॉइटजवळ एक हिरवा चकचकीत भुंगेरा ओळखला गेला, एमराल्ड ॲश बोरर. मूळचा पूर्व आशियातला. बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आलेला. त्याची अळी सालीखाली नागमोडी बोगदे पोखरते, झाडाचा अन्नरस तोडते आणि काही वर्षांत झाड उभ्या उभ्या वाळतं. उत्तर अमेरिकेत अशी कोट्यवधी झाडं गेली, आणि ब्लॅक ॲश तर या अळीपुढे फारच हतबल. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. २०१८ मध्ये भुंगेरा मेनमध्ये पोचला.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ओंडके पाण्यात बुडवून ठेवायची विणकरांची जुनी रीत आहे. त्यानं लाकूड ओलं राहतं. अमेरिकी वन खात्याच्या शास्त्रज्ञांनी आदिवासी विणकरांना बरोबर घेऊन हीच रीत तपासली. ओंडके तीन-चार महिने पाण्याखाली राहिले तर आतल्या अळ्या मरतात, आणि लाकडाची पट्टी पूर्वीसारखीच सुटते. म्हणजे कीड न पसरवता ओंडका हलवता येतो. यानं उभं झाड वाचत नाही, हेही खरं. त्यासाठी बी गोळा करून साठवणं, रोपं लावणं चालू आहे. पण हे झाड सावकाश वाढणारं. आज लावलेल्या रोपातून टोपलीजोगं खोड मिळायला कित्येक दशकं जातील. मधल्या काळात ठोकायला लाकूडच नसेल, तर ठोकायचं कसं हे पुढच्या पिढीला कोण दाखवणार?

आपण सुरुवातीला म्हटलं की टोपलीची मजबुती विणण्याआधी ठरते. इतिहास पाहिल्यावर ही गोष्ट आणखी मागे जाते. ती ठरते झाडापर्यंत जायला वाट मोकळी आहे की नाही यावर, आणि झाड दाखवणारं कोणी बरोबर आहे की नाही यावर. वाबानाकी लोकांची वाट दोन शतकं अडवली गेली. त्यातूनही त्यांनी झाड ओळखणारी नजर टिकवली. म्हणून आज काही विणकर पट्ट्यांचे गुंडाळे जपून ठेवत आहेत, आणि मुलांना त्यातल्याच पट्ट्यांवर शिकवत आहेत. संग्रहालयात टोपली पाहिली की आपण नक्षी पाहतो. यापुढे कुठे ॲशची टोपली दिसलीच, तर तिच्या काठाखाली मुठीची खाच शोधा आणि पट्टीवरून बोट फिरवू दिलं तर फिरवून पाहा. ती एका झाडाच्या एका वर्षाची जाडी आहे.