चांगला टायर कोणता? : एका चुकलेल्या प्रश्नाची गोष्ट

नगरहून हिवरे बाजार सुमारे १७ किलोमीटर. सायकलवर तासाभराचा रस्ता. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला पावणेतीन तास लागले. बाभळीचे दोन काटे, दोन पंक्चर आणि जवळ जादा ट्यूब एकच. उरलेलं अंतर सायकल हातात धरून चालत गेलो. टायर महागाचे होते, शर्यतीचे, २५ मिलिमीटर रुंदीचे. घेताना दुकानात मी एवढंच विचारलं होतं : 'सगळ्यात फास्ट कोणता?'

परतल्यावर पंक्चरवाल्या काकांना विचारलं, 'काका, मग चांगला टायर कोणता?' त्यांनी ट्यूब पाण्यात धरली, बुडबुडे बघितले आणि उलट मलाच विचारलं, 'चालवता कुठं? डांबरीनं का शिवाररस्त्यानं? आणि कॅरिअरवर ओझं किती असतं?'

सांगायला लाज वाटते, पण तेव्हा माझ्या पीएचडीच्या आराखड्यातही दुकानात विचारलेलाच प्रश्न होता. 'सायकलच्या टायरमध्ये श्रेष्ठ तंत्र कोणतं आणि ते आपल्याकडे कधी पोहोचलं?' सहा महिन्यांची टिपणं या प्रश्नावर काढली होती. त्यातली बरीच बाजूला ठेवावी लागली. तुम्ही आता विषय ठरवत असाल, तर हे नुकसान तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हा लेख.

आधी सगळीकडे सांगितली जाते ती गोष्ट बघू. बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. मे १८८९ मध्ये विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने त्याच टायरवर बेलफास्टमधल्या शर्यती जिंकल्या आणि भरीव रबराचे दिवस संपत आले. गोष्ट खरी आहे, पण तिला दोन फाटे आहेत. एक, हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्येच घेतलं होतं. त्यामुळे डनलॉप यांचं पेटंट पुढे टिकलं नाही. थॉमसन यांची कल्पना चुकीची नव्हती. ती खपेल अशी सायकलच तेव्हा नव्हती. दोन, ह्यूमच्या विजयातून सिद्ध झाला तो वेग. टिकाऊपणा नव्हे. सुरुवातीचा डनलॉप टायर रिमला चिकटवलेला असे. पंक्चर झालं की तो उकलायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा चिकटवून वाळू द्यायचा. यात तासन् तास जात.

१८९१ मध्ये फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंनी रिमवरून काढता येणारा टायर आणला. त्याच वर्षी पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँ याने या टायरवर ७१ तासांच्या आसपास जिंकली. पंक्चर त्यालाही झाली. फरक इतकाच, की ती वाटेत काढता येत होती. इथे 'टिकाऊ' या शब्दाचा अर्थच बदलतो. टिकाऊ म्हणजे न फुटणारा नव्हे. फुटल्यावर लवकर उभा राहणारा. आणि वेग मोजायचा तर थांबलेला वेळ धरूनच मोजायला हवा. माझे पावणेतीन तास आठवा.

आता आपल्याकडे येऊ. मुंबई गॅझेटियरचा अहमदनगर खंड १८८४ चा, म्हणजे डनलॉपच्या पेटंटच्या चार वर्षं आधीचा. त्यात रस्ते आहेत, बैलगाड्या आहेत, १८७८ मध्ये सुरू झालेली दौंड–मनमाड रेल्वे आहे. सायकल नाही, असणारच नाही. पण सायकल ज्या रस्त्यांवर येणार होती ते रस्ते त्यात आहेत. म्हणून टायरचा अभ्यासक टायरच्या आधीचे कागदही वाचतो. पुढे सायकल आली ती आयात होऊन. १९३६ मध्ये बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला डनलॉपचा कारखाना उभा राहिला आणि टायर इथेच बनू लागले. स्वातंत्र्यानंतर मद्रास, आसनसोल, सोनिपत, लुधियाना इथे सायकलींचे कारखाने निघाले. गावोगाव दिसू लागली ती उंच काळी सायकल. तिचा टायर २८ × १½. जाड, जड, रांगडा. शर्यतीत मागे पडेल. पण डबलसीट माणूस, दुधाची किटली, धान्याचं पोतं घेऊन खडीवरून जाईल.

इथे एक सावधगिरी. या टायरवरचे २८ म्हणजे इंचांतला बाहेरचा व्यास. आजच्या ७०० × २८ टायरवरचे २८ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. पहिल्याच्या रिमचं माप ६३५ मिलिमीटर, दुसऱ्याच्या ६२२. आकडा तोच, वस्तू वेगळी. जुन्या जाहिराती, बिलं, किंमतपत्रकं वाचताना एकक आधी तपासा.

मग कोणत्या साधनांतून वाचायचं? एक उदाहरण देतो. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२४ मध्ये ग्रामपंचायतीला जे कर बसवता येतात, त्यांत सायकलींवरचाही कर आहे. अशा कराच्या नोंदींतून गावात सायकली किती हे कळू शकतं. टायर किती दिवस टिकला हे नाही. साधन ज्या कामासाठी तयार झालं, त्याच कामाचं ते बोलतं. टिकण्याचा इतिहास दुरुस्तीच्या दुकानात आहे. चिरलेल्या टायरला आतून लावलेलं गेटर, सोल्युशन, ठिगळ, वालट्यूब, जुन्या ट्यूबची ओझं बांधायची पट्टी. डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) मध्ये मांडलं, की तंत्राचा इतिहास शोधाच्या तारखांपेक्षा वापरातून लिहायला हवा. डेव्हिड आर्नल्ड यांचं 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (२०१३) भारतातली सायकल, शिवणयंत्र, टंकयंत्र आणि भातगिरणी याच नजरेने बघतं. काकांनी हीच पुस्तकं दोन वाक्यांत सांगितली होती.

आणि हिवरे बाजार? सायकल ढकलत पोहोचलो त्या गावाने हाच धडा पाण्यात गिरवला आहे. पाऊस कमी, १९७२ चा दुष्काळ सोसलेला. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने धरली. पाणलोटाची कामं झाली, सिंचनासाठी बोअर घ्यायला बंदी आली. त्यानंतरची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. गाव दरवर्षी पाऊस मोजतं, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतं आणि त्यावरून यंदा कोणती पिकं घ्यायची ते ठरवतं. 'सगळ्यात चांगलं पीक कोणतं?' असं तिथे कुणी विचारत नाही. ऊस पैसा देणारं पीक असेल, पण ताळेबंदात बसत नाही. आधी शिवारात काय आहे ते मोजायचं, मग निवडायचं.

टायरचंही तसंच. टायर फिरताना रस्त्यावर दबतो, परत फुगतो. त्या दबण्यात तुमची थोडी ताकद उष्णता होऊन जाते. पातळ, लवचीक टायरमध्ये कमी जाते, म्हणून तो पळतो. जाड रबर आणि काटे अडवणारा पट्टा असेल तर जास्त जाते, पण काटा आत शिरत नाही. दोन्ही पूर्ण मिळत नाहीत. आणि खडबडीत रस्त्यावर हवा फार कडक भरली तर चाक उडतं, ताकद तिथेही वाया जाते. नगर भागातल्या बाभळीच्या रस्त्यांसाठी मी आता ३२ मिलिमीटरचा, आत पट्टा असलेला टायर वापरतो आणि हवा थोडी कमी ठेवतो. पुण्यात गुळगुळीत रस्त्यावर सराव करणाऱ्याने माझं ऐकू नये.

आराखड्यातला प्रश्नही बदलला. आता तो असा आहे : 'कोणत्या रस्त्यावर, कोणत्या ओझ्याखाली, कोणाच्या दुरुस्तीवर टायर टिकला?' तुमच्या विषयात टायर नसेल. तरी तुमच्या प्रश्नात 'श्रेष्ठ', 'सर्वोत्तम', 'प्रभावी' असा शब्द असेल, तर त्याच्या शेजारी पेन्सिलीने लिहा : कुठे? कोणासाठी? कशाच्या बदल्यात? उत्तर सुचत नसेल, तर टिपणं काढायला अजून बसू नका.

आणि हो, जादा ट्यूब दोन ठेवा.